पायाखालचं पाणी आलं कुठून?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

या वेळची सगळी पत्रं गाडीच्या आत शिरलेल्या पाण्याची आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच : खर्च कोणी करायचा, आपण, शोरूमने की विमा कंपनीने? त्याचं उत्तर पाणी कोणत्या वाटेने आत आलं यावर ठरतं. म्हणून कार्पेट वाळवण्याआधी वाट शोधायची आणि तिचा पुरावा हातात ठेवायचा.

प्रश्न : माझी गाडी दीड वर्षाची, सनरूफवाली आहे. घराजवळ गुलमोहराखाली उभी असते. जुलैत पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट ओली लागली. शोरूमने पैसे घेऊन कार्पेट वाळवून दिलं. चार दिवसांनी परत तेच. आता म्हणतात, ‘सनरूफच्या नळ्या पाल्याने तुंबल्यात, हे वॉरंटीत बसत नाही.’ हे खरं आहे का?
— एक वाचक, नागाळा पार्क, कोल्हापूर

उत्तर : अर्धंच खरं आहे. पाल्याने तुंबलेली नळी साफ करणं ही देखभाल झाली, ती मालकाकडे येते. पण नळी खरंच तुंबली आहे का, हे कोणी तपासलं? डाव्या पायाखाली पाणी यायच्या निदान सहा वाटा आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे.

सगळ्यात स्वस्त वाट आधी तपासा, ती म्हणजे एसीचा ड्रेन पाइप. कूलिंग कॉइलवर हवेतला दमटपणा जमून त्याचं पाणी होतं आणि ते बारीक रबरी पाइपातून गाडीखाली टपकतं. गाडी सपाटीला उभी करून एसी वीस मिनिटं चालू ठेवा. पावसाळ्यात खाली चांगलं थारोळं व्हायला हवं. खाली कोरडं आणि आत ओलं असेल, तर पाइप तुंबलाय किंवा निसटलाय. हे पाणी स्वच्छ असतं, वास नसतो आणि पाऊस नसतानाही येतं. पाणी बोटाला चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते पाणी नव्हे, हीटर कॉइलमधून गळणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे. ही दुसरी वाट. बाटलीतली पातळी बघा आणि गाडी चालवणं थांबवा. दीड वर्षाच्या गाडीत ही गळती वॉरंटीतच यायला हवी.

तिसरी वाट वायपरखालच्या काळ्या जाळीची. जाळीखाली पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. गुलमोहराची पानं इतकी बारीक की जाळीतून सरळ खाली जातात, कुजतात आणि भोकांवर चिखलाचा बूच बसतो. मग पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. ओळखायची खूण सोपी आहे : ग्लोव्ह बॉक्स उतरवून मागचा केबिन फिल्टर काढा. तो ओला किंवा पाण्याच्या डागांचा निघाला, तर वाट हीच. चौथी वाट दाराची. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात जातंच, त्यासाठीच दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. आतल्या पॅनलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. पडद्याचा डिंक सुटला की पाणी पॅनलच्या खालच्या कडेने उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली जातं. म्हणून कार्पेट मधल्यापेक्षा दाराकडेच जास्त ओलं लागतं.

आता पाचवी वाट, सनरूफची. काचेच्या कडेचं रबर सगळं पाणी अडवत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. आत उतरलेलं पाणी चौकटीच्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून बाहेर जातं. पुढच्या नळ्या पुढच्या काचेशेजारच्या खांबांतून उतरतात, मागच्या मागच्या खांबांतून. सनरूफ उघडून पुढच्या डाव्या कोपऱ्यात कपाने हळूहळू शंभर मिलीलीटर पाणी ओता आणि दुसऱ्या माणसाला बाहेर, पुढच्या चाकामागे आणि दाराच्या बिजागरीपाशी बघायला सांगा. पाणी पन्हळीतच साचून राहिलं, तर नळी तुंबली आहे आणि शोरूमचं म्हणणं बरोबर. पण पन्हळ रिकामी झाली, बाहेर मात्र थेंब आला नाही आणि आतली मॅट भिजली, तर नळी खांबाच्या आत निसटली आहे किंवा फाटली आहे. त्यात पाल्याचा काही संबंध नाही. तो जोडणीचा दोष आहे आणि वॉरंटी असते ती अशाच दोषांसाठी. ही चाचणी सर्व्हिस अॅडव्हायझरसमोर करा आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या.

एक सावधगिरी. तुंबलेल्या नळीत गॅरेजमध्ये सर्रास कंप्रेसरची हवा मारतात. त्या दाबाने नळी वरच्या तोंडावरून निसटते, आणि आधी जे पाणी निदान पन्हळीत थांबत होतं ते थेट खांबातून आत पडतं. याआधी कोणी हवा मारली असेल तर तेही लिहून ठेवा, कारण मग जबाबदारी त्या गॅरेजची होते. साफ करायला गवत कापायच्या यंत्राची दोन मिलीमीटरची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने वितळवून गोल करा आणि हळूहळू फिरवत सरकवा. अडलं तर जोर लावू नका. लोखंडी तार तर नकोच, ती नळीला भोक पाडते.

यातलं काहीच सापडलं नाही, तर सहावी वाट पत्र्याच्या सांध्यांची : इंजिनाकडून केबिनमध्ये वायरी येतात तिथला रबरी बूच किंवा सांध्यावरचा सीलंट. तिथे नळीने पाणी मारून बघावं लागतं. जेट नको, बागेच्या नळीची साधी धार, आणि सुरुवात खालून. आधी उंबरा, मग दार, मग वायपरची जाळी, काच आणि शेवटी छत. प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं. आत एकाने कार्पेट उचलून टॉर्च धरून बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच समजत नाही.

तुमची खरी अडचण पहिल्या भेटीत झाली आहे. जॉब कार्डवर (शोरूम तक्रार आणि काम लिहितं तो कागद) ‘कार्पेट ओले, इंटिरियर क्लीनिंग’ असं लिहिलं गेलं असेल, तर कागदावर तुम्ही पैसे देऊन सफाई करून घेतलीत, दोषाची तक्रार केलीच नाही. या वेळी स्वतः मजकूर सांगा : ‘पावसात डाव्या पुढच्या बाजूला आत पाणी येते. आधी अमुक तारखेला दाखवले, पुन्हा आले. उगम शोधून लेखी कळवावा.’ कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका. काम नाकारलं तर कारण कागदावर मागा, आणि तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी तेच उत्तर ईमेलवर लिहून कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा.

आता वाळवण्याबद्दल, कारण यात शोरूमकडूनही घाई होते. कार्पेटच्या वरच्या लोकरीला हात लावला तर कोरडं लागतं. मुठीने जोरात दाबा. खालच्या फोममधून बोटांच्या पेरांभोवती पाणी वर आलं, तर काहीच वाळलेलं नाही. कार्पेटखालचा फोम किंवा नमदा स्पंजासारखा पाणी धरतो आणि वरून उन्हात ठेवून सुटत नाही. सीट काढून, उंबऱ्याच्या पट्ट्या उपसून कार्पेट उचलावंच लागतं. त्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा आणि दहा मिनिटं थांबा, कारण सीटखालचे पिवळे कपलर (वायरींचे जोड) एअरबॅगचे किंवा बेल्टचे असतात. सीट बाहेर असताना इग्निशन ऑन करू नका, एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग स्कॅनरने काढावा लागतो. सीट परत बसवताना बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कलाच आवळून घ्या, तो सुरक्षेचा भाग आहे.

कोल्हापूरच्या जुलैत काचा उघड्या ठेवून काही वाळत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते. व्हॅक्युमने पाणी ओढून घ्या, फोम उचलून खाली आधार द्या, सीट, तिचे कपलर आणि बॅटरी परत जोडा, मग काचा बंद करून एसी रीसर्क्युलेशनवर चालवा, तापमान थोडं वर ठेवा. कॉइल हवेतलं पाणी खेचून बाहेर टाकते. एसीचा पाइप मोकळा असेल तरच हा उपाय. तीन-चार दिवस लागतात. दोन दिवसांहून जास्त भिजून बुरशीचा वास धरलेला फोम वाळवण्यापेक्षा बदललेला बरा.

कार्पेटखालचे कपलर उघडून बघायला सांगा. पिनांवर हिरवट पावडर दिसली तर तांबं गंजायला लागलंय. हे दुखणं आज दिसत नाही, सहा महिन्यांनी काच वर-खाली होत नाही किंवा सेंट्रल लॉक आपोआप उघडतं तेव्हा कळतं, आणि तोवर वॉरंटी संपलेली असू शकते. म्हणून अंतिम जॉब कार्डवर ‘कार्पेटखालचं वायरिंग आणि मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) तपासले’ आणि काय आढळलं, हे लिहून घ्या. पुढे बिघाड झाला तर तो जुन्याच तक्रारीचा परिणाम आहे हे दाखवता येतं.

एवढं करूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावाला जायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. ₹५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात चालते. ₹१० ते २० लाखांच्या गाडीला फी ₹४००, ₹५ लाखांपर्यंत फी नाही. सोबत जॉब कार्ड, ईमेल आणि त्या शंभर मिलीलीटरच्या चाचणीचा व्हिडिओ जोडा.

प्रश्न : पुराचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. गाडीत सीटच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं, आता ओसरलंय. शेजारी म्हणतात, एकदा स्टार्ट मारून बघा. गाडी वॉरंटीत आहे, विमाही पूर्ण आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कुंभार गल्ली, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : स्टार्ट मारू नका. चावीही फिरवू नका, बटण असेल तर रिमोट गाडीपासून लांब ठेवा. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी काढून, तेल बदलून वाचलं असतं ते इंजिन त्या एका स्टार्टने खोलावं लागतं. शिवाय विमा कंपनी त्या नुकसानाला ‘पूर’ म्हणत नाही, ‘पुरानंतर चालू केल्याने झालेलं’ म्हणते, आणि इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम नसेल तर तो खर्च तुमच्या अंगावर येतो.

वॉरंटीचा विषय इथे बाजूला ठेवा. कंपनीची वॉरंटी माल आणि बनावटीच्या दोषांची असते, पूर त्यातून वगळलेला असतो. तुमचा हक्क विम्यावर आहे, आणि तोही स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कलम असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत पुराचा एक रुपयाही मिळत नाही.

बॅटरीपर्यंत हात जात असेल तर मायनस टर्मिनल काढा. धुवायच्या आधी फोटो घ्या : दारावर, सीटवर आणि डॅशबोर्डवर गाळाची रेघ उमटलेली असते, ती नंबरप्लेटसह एका फ्रेममध्ये दिसू द्या. ती रेघ म्हणजे पाणी कुठवर होतं याचा तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा. मग विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. गाडी चाकांवर ओढत नेऊ नका, चारही चाकं वर घेणाऱ्या गाडीवर चढवा. सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा) येण्याआधी कार्पेट किंवा इंजिन खोलू देऊ नका, पण आतलं पाणी काढायला आणि वाळवायला त्याची परवानगी लगेच मागा, लेखी. नुकसान वाढू न देणं हीसुद्धा विमाधारकाची जबाबदारी असते.

पैशांचा अंदाज असा. अनिवार्य वजावट (प्रत्येक दाव्यात आपण सोसायची रक्कम) १५०० सीसीपर्यंत ₹१०००, त्यावर ₹२०००. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जोडकलम) नसेल तर रबर, नायलॉन, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅगला ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे दुसऱ्या वर्षात १० टक्के, तिसऱ्यात १५. दुरुस्ती पॉलिसीतल्या जाहीर मूल्याच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. सीटच्या निम्म्यापर्यंत पाणी म्हणजे सीटखालची आणि पायाखालची मॉड्यूल बुडालेली, तेव्हा हा आकडा वाटतो तितका लांब नसतो. नो क्लेम बोनस जाईल, पण एवढ्या नुकसानीत त्याचा विचार करू नका.

नदीच्या पाण्यात गाळ आणि गटारही आलेलं असतं. भिजलेला फोम आणि नमदा धुऊन परत घालू देऊ नका, बदलण्याच्या यादीत धरा. सीटबेल्टची गुंडाळी आणि प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) भिजले असतील तर तेही. दुरुस्ती झाल्यावर कोणते भाग कंपनीच्या वॉरंटीत राहिले आणि कोणते नाहीत, हे शोरूमकडून कागदावर घ्या.

दावा नाकारला किंवा फार कापला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही.

आणि पुढच्या वर्षासाठी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. जयंती नाल्याच्या फुगवट्याचं पाणी तुमच्या भागात रात्रीत चढतं. ३९ फुटांची बातमी आली की गाडी उंचावरच्या ओळखीच्या दारात नेऊन ठेवा, ४३ ची वाट बघू नका.

प्रश्न : दारातले स्पीकर बाहेरून बदलून घेतले. तेव्हापासून उजव्या मागच्या दारातून आत पाणी येतं. शोरूम म्हणतं, पूर्ण वॉरंटी गेली. — एक वाचक, कागल

उत्तर : पूर्ण गेली हे म्हणणं टिकणारं नाही. बाहेरच्या कामामुळे जो बिघाड झाला तेवढ्यापुरती ती नाकारता येते, इंजिन किंवा गिअरबॉक्सची नव्हे. नाकारण्याचं कलम पुस्तिकेत कुठे आहे ते दाखवायला सांगा. पण हे दार मात्र तुमच्याच खर्चाचं. स्पीकर बसवणाऱ्याने आतला प्लास्टिकचा पडदा फाडला किंवा परत नीट चिकटवला नाही. जुना डिंक खरवडून, पॅनल कोरडं करून ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टी) पडदा चिकटवायचा, खालची कड दाराच्या आत वळवायची, पॅनलच्या बाहेर नाही. सेलोटेप लावून दिली तर पहिल्या उन्हात सुटते. स्पीकरसाठी वायरिंग कापून जोडलंय का तेही बघा. कापलं असेल तर त्या सर्किटची वॉरंटी मागणं अवघड. कपलरवर कपलर जोडला असेल तर बाजू भक्कम.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायची आहे. पुरातली नाही ना, हे कसं ओळखायचं? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : कार्पेट आणि सीट कव्हर नवीन असतील तर त्यांच्याकडे पाहू नका, सीटबेल्टकडे पाहा. तो शेवटपर्यंत बाहेर ओढा, गुंडाळीतला कधी न निघणारा शेवटचा वीतभर पट्टा तपासा. पुराचं पाणी तिथे मळकट आडवी रेघ ठेवतं आणि ती कोणी धूत नाही. मग सीट पुढे-मागे सरकवून रुळांच्या खाचेत बोट फिरवा, गाळ लागतो का बघा. डॅशबोर्डखालचे स्क्रू, सीटखालच्या स्प्रिंगा आणि स्टेपनीखालचा खड्डा यांवर गंज असेल, तर तो वयाचा नाही, भिजण्याचा आहे. आत शिरल्यावर सुगंधी फवाऱ्याचा वास जास्त येत असेल, तर काचा बंद करून एसी बंद ठेवा आणि अर्ध्या तासाने परत बसा, कुबट वास वर येतो.

विक्रेत्याकडून विम्याच्या दाव्यांचा इतिहास आणि अधिकृत सर्व्हिसच्या नोंदी मागा. ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या पुरानंतरच्या काही आठवड्यांत मोठं बिल दिसलं, तर ते काय होतं ते विचारा. गाडी इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी किती वर्षांची हे पुरेसं नाही. बॅटरीच्या वॉरंटीतूनही पूर वगळलेला असू शकतो, म्हणून व्यवहार करण्याआधी अधिकृत केंद्रात बॅटरीची तपासणी करून अहवाल घ्या. विक्रीकरारात ‘गाडी पुरात बुडालेली नाही’ हे एक वाक्य विक्रेत्याच्या सहीने घाला. ते लिहायला तो तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.